अभ्यासिकेच्या नेटचं काम : प्रकल्प नोंदी

२ जून, सोमवार

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या नेटचं काम घेतलं. तीन मजले, ११० खुर्च्या, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या. बहुतेक मुलं-मुली एमपीएससीच्या तयारीतली. तक्रार एका ओळीची: सकाळच्या पाळीला वायफाय चालतं, संध्याकाळच्या पाळीतल्या निम्म्यांना लागतच नाही.

मालक काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षं आरएमएसमध्ये, रेल्वेच्या टपाल सेवेत काढली, म्हणजे धावत्या गाडीच्या डब्यात उभं राहून पत्रं खणाखणांत टाकायची. मला आधीच बजावलं, "केबलवाला तीनदा येऊन गेला. राउटर बंद करतो, चालू करतो, २५० रुपये नेतो. तेवढं मलाही येतं."

बंद-चालू केल्यावर दिवसभर ठीक चालतं, ही त्यांच्या बोलण्यातली कामाची गोष्ट. लिहून ठेवली.

३ जून, मंगळवार

संध्याकाळी ५ वाजता दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसले. वायफाय न लागणाऱ्या एका मुलीच्या लॅपटॉपवर आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्या यंत्राचा आकडी पत्ता बघितला. १६९.२५४ने सुरू होणारा. निम्मं निदान तिथेच झालं.

लॅपटॉप नेटवर्कला जोडला गेला की पहिल्यांदा "मला पत्ता द्या हो" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो. हे पत्ते वाटण्याचं काम डीएचसीपीचं, आणि छोट्या जागेत ते राउटरच करतो. कुणीच उत्तर दिलं नाही तर लॅपटॉप १६९.२५४च्या गटातला एक पत्ता स्वतःच घेतो. त्यावर फार तर शेजारच्या यंत्राशी बोलता येतं. बाहेर पडता येत नाही, कारण दार कुठलं हेच कुणी सांगितलेलं नसतं.

राउटरच्या सेटिंगमध्ये शिरले. वाटायचे पत्ते १९२.१६८.१.२ ते १९२.१६८.१.२५४, म्हणजे २५३. प्रत्येक पत्ता २४ तासांच्या लीजवर, म्हणजे तेवढ्या मुदतीपुरता. आता हिशेब. फोन प्रत्येकाकडे, लॅपटॉप किंवा टॅब निम्म्यांकडे, म्हणजे माणशी दीड यंत्र. सकाळच्या पाळीने १६५ पत्ते घेतले. मुलं दुपारी घरी गेली, पण जाताना पत्ता परत करून कुणी जात नाही. तो दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्याच नावावर. उरले ८८ आणि संध्याकाळी मागणारे पुन्हा १६५. "निम्म्यांना लागत नाही" हे शब्दशः खरं निघालं.

राउटर बंद-चालू केला की ही यादीच पुसली जाते आणि वाटप नव्याने सुरू होतं. केबलवाल्याचा उपाय खरोखर लागू पडत होता, फक्त एका दिवसापुरता. शिवाय त्यात एक भानगड: ज्यांचे फोन तेव्हा चालू असतात त्यांना आपला पत्ता रद्द झालाय हे कळत नाही, आणि तोच पत्ता दुसऱ्याला जाऊ शकतो.

तूर्त लीज २ तासांची केली. निम्मी मुदत संपली की यंत्र आपणहून मुदतवाढ मागतं, त्यामुळे बसलेल्याला काही जाणवत नाही. निघून गेलेल्याचा पत्ता मात्र दोन तासांत मोकळा.

६ जून, शुक्रवार

दोन दिवस शांतता, आज तिसऱ्या मजल्यावर पुन्हा बोंब. पण यावेळी पत्ते मिळत होते, नुसते चुकीचे: १९२.१६८.०ने सुरू होणारे. आपल्याकडे तर शून्याचा गट नाहीच. वायर धरून चालत गेले. एका टेबलाखाली कुणीतरी स्वतःचा छोटा राउटर भिंतीतल्या पोर्टला जोडलेला, तोही उलटा, म्हणजे आतल्या बाजूच्या भोकातून. तोही डीएचसीपी चालवतो, तोही मजल्यावर मोठ्या उदारपणे पत्ते वाटत होता, आणि "बाहेर जायचं दार मी" असं सांगत होता. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता यंत्र घेतं. इथे खरंखोटं तपासायची पद्धत नाही.

उपाय स्विचवर, म्हणजे मजल्यांच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या यंत्रावर: पत्तेवाटपाची उत्तरं फक्त एकाच पोर्टवरून येऊ द्यायची. काकांचा उपाय भिंतीवर: "वायफाय सर्वांसाठी आहे. स्वतःचा राउटर लावणाऱ्याने स्वतःची अभ्यासिकाही काढावी."

१० जून, मंगळवार

पत्त्यांची मांडणी मुळातून नव्याने करायची ठरली, कारण काका नारायण पेठेत दुसरी, लहान अभ्यासिका चालवतात आणि दोन्ही जोडायच्या आहेत. ती पाहून आले. तिथेही १९२.१६८.१. दोन्हीकडे पत्ते तेच, मग जोडल्यावर कुठला पत्ता कुठल्या पेठेतला हे कळायचं कसं? बाजारातल्या निम्म्या राउटरांना कारखान्यातूनच हा पत्ता येत असावा.

काकांना मास्क समजावायला बसले आणि उलट तेच मला शिकवून गेले. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची, जे संस्कृतात कविता करत. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. "कोलकात्याच्या सॉर्टरला पेठ कुठली हे बघायचंच नसतं," काका म्हणाले, "४११ दिसलं की पुण्याचा खण. पुढचं पुणेवाले बघतील. घर नंबर वाचतो तो फक्त पोस्टमन."

मास्क म्हणजे नेमकं हेच: पत्त्यातले किती आकडे वाचायचे. आयपी पत्ता हा ३२ बिटांचा, म्हणजे ३२ शून्य-एकांचा एकच आकडा, वाचायच्या सोयीसाठी चार तुकड्यांत लिहिलेला. /२४ म्हणजे पहिले २४ बिट गावाचे, उरलेले ८ घराचे. /२२ केलं की घरासाठी १० बिट, म्हणजे १०२४ पत्ते. पहिला गटाच्या नावाला, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला, वापरायला १०२२. फरक एवढाच की पिनकोडात तुकडा कुठे पाडायचा हे ठरलेलं आहे, आयपीत तो जिथे हवा तिथे पाडता येतो. पूर्वी इथेही ठरीव अ, ब, क वर्ग होते. मधला वर्ग ६५ हजारांचा, त्याखालचा एकदम २५६चा; मधलं काही हवं असेल तर मिळत नसे आणि पत्ते वाया जात. १९९३मध्ये ती पद्धत सोडली.

खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या तीन गटांतला १० वाला घेतला. पुढचा आकडा काकांनी सुचवला: "दोन्ही पेठा ४११०३०. तीस घाल."

मुख्य हॉल: १०.३०.०.०/२२
कार्यालय, कॅमेरे, प्रिंटर: १०.३०.४.०/२४
नारायण पेठ: १०.३०.८.०/२२
दोन गच्च्यांमधला दुवा: १०.३०.२५५.०/३०, यात दोनच पत्ते वापरता येतात आणि दोनच लागतात.

१४ जून, शनिवार

गच्चीवर वायरलेस दुवा चढवला. अंतर दोनशे मीटरसुद्धा नाही, पण मध्ये एका सोसायटीची पाण्याची टाकी. खांब चार फूट उंच केला. वायरमनदादा पावसात भिजले, चहा दोनदा.

२१ जून, शनिवार

पालख्या शहरात. पेठांत गाडी घालण्यात अर्थ नाही. सुट्टी.

२४ जून, मंगळवार

आजचा दिवस लक्षात राहील.

मुख्य राउटरला सांगितलं: १०.३०.८.०/२२साठी असलेली पॅकेटं, म्हणजे माहितीची पुडकी, दुव्यापलीकडच्या १०.३०.२५५.२च्या हातात द्यायची. सदाशिव पेठेतल्या लॅपटॉपवरून नारायण पेठेतल्या प्रिंटरला पिंग केलं, म्हणजे "आहेस का" अशी हाक मारली. काही नाही. दुवा बघितला: सिग्नल उत्तम. प्रिंटरला तिथल्याच संगणकावरून पिंग केलं: लगेच उत्तर. पुन्हा इकडून: काही नाही. केबल बदलल्या, एक स्विच बदलला, फायरवॉल, म्हणजे नको ती ये-जा अडवणारा पहारा, उघडी टाकून पाहिली. या तिन्ही गोष्टी अंधारात दगड मारण्यासारख्या होत्या आणि करताना मला ते कळतही होतं.

तीन वाजता शहाणपण सुचलं आणि नारायण पेठेच्या राउटरवर पॅकेटं पकडून बघितली. माझं पिंग दुव्यावरून व्यवस्थित आत येत होतं. प्रिंटरचं उत्तरही राउटरपर्यंत येत होतं. आणि तिथून राउटर ते उत्तर ब्रॉडबँडच्या वायरीवर, बाहेर इंटरनेटकडे पाठवून देत होता.

जायची वाट सांगितली होती, यायची सांगायला विसरले होते.

राउटरजवळ एक तक्ता असतो: अमुक गटाचे पत्ते, तमुकच्या हातात द्या. तक्त्यात काहीच जुळलं नाही तर शेवटची ओळ, डिफॉल्ट: "बाकी सगळं इकडे." नारायण पेठेच्या राउटरला १०.३०.० हा गट माहीतच नव्हता, म्हणून त्याने नियमाप्रमाणे "बाकी सगळं" मध्ये टाकला. पुढे ब्रॉडबँड कंपनीने खासगी पत्ता बघून तो टाकून दिला असणार. पॅकेट कुठून आलं हे उत्तर पाठवताना राउटर लक्षात ठेवत नाही. जाणं आणि येणं हे त्याच्या दृष्टीने दोन वेगळे प्रवास, आणि ते दोन वेगळ्या रस्त्यांनी झाले तरी त्याचं काही म्हणणं नसतं.

काका ऐकून म्हणाले, "म्हणजे पत्ता बरोबर, माणूस घरात, तरी उत्तर येत नाही. आणि हरवलं तर चौकशी कुठे करायची?" कुठेच नाही. आयपी पोचवण्याची हमी देत नाही, हरवल्याचं कळवेलच असंही नाही. हमी हवी तर दोन टोकांनी आपापसात पोच द्यायची-घ्यायची. टीसीपी ते काम करतं. मधल्यांनी फक्त पुढच्या हातात द्यायचं. काकांना हे खातं फारसं आवडलेलं नाही.

नारायण पेठेच्या राउटरवर ओळ घातली: १०.३०.०.०/२१, द्या १०.३०.२५५.१ला. /२१मध्ये ०पासून ७पर्यंतचे सगळे गट येतात, म्हणजे हॉल आणि कार्यालय दोन्ही एका ओळीत. आकडे लागोपाठचे दिले होते त्याचा हा फायदा. प्रिंटरने साडेतीन वाजता पहिला कागद काढला.

२७ जून, शुक्रवार

काकांनी काटकसर म्हणून नारायण पेठेचं वेगळं ब्रॉडबँड बंद केलं. तिथलं "बाकी सगळं" आता दुव्यावरून इकडे. मीही आळस केला: इकडच्या राउटरवर /२२ची नेमकी ओळ काढून १०.३०.०.०/१६, म्हणजे "तीसचं जे काही असेल ते तिकडे" अशी ढोबळ ओळ घातली. पुढे तिकडे गट वाढले तर पुन्हा हात लावायला नको, असा दूरचा विचार.

दुपारी कॅमेऱ्याचा पत्ता टाइप करताना ४च्या जागी ४० पडला. १०.३०.४०.७. उत्तर नाही, ते साहजिक, असा गट नाहीच. पण ट्रेसराउट, म्हणजे पॅकेटच्या वाटेतले टप्पे दाखवणारी आज्ञा, चालवला तर पडद्यावर २५५.२, २५५.१, २५५.२, २५५.१ अशा ओळी, थेट तिसाव्यापर्यंत. इकडचा म्हणतो तीसचं आहे, तिकडे द्या. तिकडचा म्हणतो माझ्याकडे हा गट नाही, बाकी सगळं इकडे. दोघंही आपापल्या तक्त्याप्रमाणे बरोबर.

हे पॅकेट कायमचं फिरत राहत नाही, कारण त्यावर टीटीएल नावाचा आकडा असतो, बहुधा ६४ किंवा १२८. प्रत्येक राउटर त्यातला एक कमी करतो. शून्य झालं की पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. १९८१च्या मूळ नियमात हा आकडा सेकंदांत मोजायचा होता, व्यवहारात तो टप्पे मोजायलाच वापरला गेला. ट्रेसराउट याच कळवण्यावर जगतो: मुद्दाम टीटीएल १, मग २, मग ३ घालून पॅकेटं सोडायची आणि कोण कोण "इथे मेलं" म्हणून कळवतं ते लिहून घ्यायचं. रस्ता विचारायची युक्ती म्हणून मला ही फार आवडते, जरा क्रूर आहे खरी.

दुरुस्ती: नेमकी /२२ची ओळ परत घातली, आणि /१६साठी "टाकून द्या" अशी ओळ दोन्हीकडे. दोन ओळी जुळल्या तर जिचे जास्त बिट जुळतात ती जिंकते, त्यामुळे खऱ्या गटांना या कचराकुंडीचा त्रास नाही.

१ जुलै, मंगळवार

काकांची नवी मागणी: साताऱ्याला बहिणीकडे गेल्यावर फोनवर कॅमेरे दिसले पाहिजेत. राउटरवर पोर्ट, म्हणजे आत यायचं एक क्रमांकाचं दार, उघडला, बाहेरून काही दिसेना. बाहेर जाणारा ट्रेसराउट बघितला: पहिला टप्पा आपला राउटर, दुसरा १००.६४ने सुरू होणारा. संपलं. आपल्याला खरा पत्ताच मिळालेला नाही.

३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ला वाटून झाले. मग घरोघरी नॅट, म्हणजे एकाच खऱ्या पत्त्याआड अनेक यंत्रं, होताच, तो आता कंपनीकडेही आला. नॅट समजावताना काकांनी एका शब्दात मांडलं: "म्हणजे 'द्वारा'." अगदी तेच. खोलीवर राहणाऱ्या पोराला पत्र येतं ते "द्वारा : अमुक, सदाशिव पेठ" असं. आपला राउटर आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून स्वतःचा घालतो, आणि कुठल्या पोर्टवर कुणाचं उत्तर येईल हे वहीत मांडून ठेवतो. उत्तर आलं की वही बघून आतल्याला देतो. पण आतून कुणी आधी पत्र लिहिलंच नसेल तर वहीत नोंद नाही, आणि बाहेरून आलेलं पत्र दारातूनच परत. आमच्याकडे द्वाराचंही द्वारा. कंपनीच्या वहीत मी ओळ घालू शकत नाही. १००.६४.०.०/१० हा गट २०१२मध्ये याच कामासाठी राखून ठेवला.

४ जुलै, शुक्रवार

काकांचा प्रश्न: माझ्या कोथरूडच्या घराकडे इथून पॅकेट कर्वे रस्त्यानेच जातं ना? ट्रेसराउट दाखवला. घरी दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन. मधल्या एका राउटरच्या नावात मुंबईची खूण, वेळ ७ मिलिसेकंद. पाचसहा किलोमीटरसाठी घाट उतरून परत. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मुंबईला जाऊन यायला दीडच मिलिसेकंद. बाकीचा वेळ वळणांचा आणि यंत्रांचा. दोन कंपन्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे जावंच लागतं. देशातली रहदारी देशातच देवाणघेवाण व्हावी म्हणून निक्सी ही संस्था २००३मध्ये स्थापन झाली, पण कुणी कुठे भेटायचं हा शेवटी व्यवहाराचा भाग.

"मग मुंबईला कसं कळतं कोथरूड कुणाकडे?" शेजारी सांगतात. प्रत्येक मोठं नेटवर्क शेजाऱ्यांना जाहीर करतं: हे गट माझ्यामार्फत पोचतात, आणि वाटेत ही ही नेटवर्कं लागतात. शेजारी ते आपल्या शेजाऱ्यांना सांगतात. या पद्धतीचं नाव बीजीपी, सुरुवात १९८९ची. सगळा नकाशा असा कुणाकडेच नाही.

आणि कुणी खोटं किंवा चुकून सांगितलं तर? २४ फेब्रुवारी २००८ला पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूब आपल्या देशात बंद करण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ हा गट स्वतःकडे वळवला. ती घोषणा बाहेर निसटली आणि वरच्या कंपनीने न तपासता पुढे सांगितली. यूट्यूबची स्वतःची घोषणा /२२ची होती, आमच्या हॉलएवढीच. जास्त बिट जुळणारी ओळ जिंकते, म्हणून जगभरची यूट्यूबची रहदारी तिकडे वळली. यूट्यूबने आधी तीच /२४ आणि मग तिचे दोन /२५ तुकडे जाहीर करून ती परत ओढली. परवा माझ्या कचराकुंडीपासून खऱ्या गटांना ज्या नियमाने वाचवलं, तोच हा नियम. आता घोषणेवर सही तपासायची सोय आली आहे, पण ती वापरायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. काका: "आमच्याकडे असला खण कुणी बदलला असता तर निलंबित झाला असता."

९ जुलै, बुधवार

कंपनीकडे स्थिर पत्त्याची चौकशी केली. महिन्याला जादा पैसे. काकांनी "हं" म्हटलं, त्यातच उत्तर होतं.

मग राउटरवर आयपीव्ही६, म्हणजे आयपीची नवी, लांब पत्त्यांची आवृत्ती, चालू करून पाहिलं. २४०ने सुरू होणारा, १२८ बिटांच्या पत्त्यांचा एक /५६ गट लगेच मिळाला. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचे पत्ते २४०च्या आसपासचे असतात. /५६मध्ये २५६ नेटवर्कं, आणि आख्ख्या जुन्या इंटरनेटमध्ये जितके पत्ते, त्यातल्या प्रत्येकात तितकी आख्खी जुनी इंटरनेटं मावतील. इतके दिवस फुकट पडून होता. फायरवॉल आधी नीट लावली, कारण इथे 'द्वारा'चा आडोसा नाही, प्रत्येक यंत्राला खरा पत्ता. कॅमेरे मात्र थेट उघडे ठेवले नाहीत. राउटरवर वायरगार्ड, म्हणजे फक्त ओळखीच्या यंत्रांसाठीचा कुलूपबंद बोगदा, बसवला, त्यातून आत. गट अधूनमधून बदलू शकतो म्हणून त्याला एक नाव जोडलं. काकांच्या सिमवर आयपीव्ही६ आहेच.

१३ जुलै, रविवार

दुपारी २.१०ला काकांचा साताऱ्याहून फोन. "दिसतंय. तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी एक जण पुस्तकावर डोकं ठेवून झोपलाय, त्याला उठव. आणि शेजारच्या रिकाम्या टेबलावरचा पंखा कशाला चालूय?"

पंखा बंद केला. झोपलेल्याला झोपू दिलं. संध्याकाळी बिल पाठवलं. त्यातून केबलवाल्याचे ७५० वजा होतील का, असा उलट निरोप आला आहे.